जास्तीचा पाटा

“एक पाटा जास्तीचा टाकलाय,” गाडीखालून सरपटत बाहेर येत बद्रीनाथ मिस्त्री म्हणाला. “आता पंधरा माणसं कोंबा, गाडी बिलकुल बसणार न्हाई.”

संपत खूश झाला. दुष्काळी कामांवर साहेब लोकांना फिरवून थकलेली ही जुनी फोर-व्हील स्टेशनवॅगन त्यानं लिलावात घेतली, तेव्हापासून ती मागून बसलेलीच होती. खालच्या पोलादी पाट्यांची कमान केव्हाच सपाट झालेली. आज नवे पाटे आणि नवे शॉकअप चढवल्यावर गाडीनं ढुंगण असं वर उचललं होतं, की आता ही उडी मारते की काय असं वाटावं.

जास्तीचा पाटा बद्रीनाथनं कुणाला विचारून टाकला नव्हता. जालन्यात कुठलाच मिस्त्री तो विचारून टाकत नसे. मंठ्याकडची असो की जाफराबादकडची, इकडच्या गाडीत माणसं किती बसणार हे सीटांवर नाही, दार लागतं की नाही यावर ठरतं. तेव्हा एक पाटा वरचा घालायचाच. गिऱ्हाइकावरचं प्रेमच म्हणायचं ते.

संपतची आई चतुराबाई गॅरेजातल्या बाकावरून उठली. तिनं आपला पितळी तांब्या रांजणात बुडवून काठोकाठ भरला, मागच्या सीटवर जाऊन बसली आणि तो मांडीवर धरला.

“फाटकापतूर नेऊन आण,” ती म्हणाली.

“माय, पाणी कशाला?”

“चल तू.”

रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन गाडी परत आली तेव्हा तांब्या अर्धा झाला होता आणि चतुराबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. ती रागावली नाही. तिनं तांब्या फक्त तिरपा करून मिस्त्रीला दाखवला.

तिकडं डोळ्यांच्या दवाखान्यात तिचे यजमान अण्णासाहेब पट्टी बांधून वाट पाहत होते. त्यांचा एक डोळा ज्वारीचं धाट लागून कधीचाच गेलेला. दुसऱ्याचा मोतीबिंदू मागच्या हप्त्यात काढला होता. दवाखान्यात खाटा कमी आणि पेशंट फार, म्हणून डॉक्टरांनी आज घरी न्यायला सांगितलं, पण बजावलं होतं, “जखम कच्ची आहे. हिसका बसला तर हाही डोळा जाईल.” आणि घरचा रस्ता म्हणजे नुसता खड्ड्यांचा बाजार.

“मावशी, नवे पाटे कडकच राहतात,” बद्रीनाथ म्हणाला. “पंधरा माणसं बसली की बराबर नरम होतील.”

“पंधरा माणसं मी कुठून आणू?” चतुराबाई म्हणाली. “माझा एकच माणूस हाय.”

गाडी थोडी कमी मजबूत कर, असं बद्रीनाथला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पुन्हा जॅक लावला, मागचे पाटे सोडवले, दोन्हीकडचा जास्तीचा काढून भिंतीला टेकवला, उरलेल्यांच्या मधे ग्रीस भरलं. वर आपल्याच मनानं वाळूची दोन पोती उचलून मागं ठेवली.

“ही घ्या तुमची माणसं,” तो म्हणाला. “हूं की चूं करणार न्हाईत.”

तांब्या पुन्हा भरला. गाडी पुन्हा फाटकापर्यंत गेली आणि आली. या खेपेला पाणी बोटभरच उतरलं होतं. चतुराबाईनं त्यात नीट डोकावून पाहिलं आणि तांब्या तसाच तोंडाला लावला. सकाळपासून तिनं घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे संपतच्या तेव्हा लक्षात आलं.

दुपार कलताना ते निघाले. अण्णासाहेब मागं गादीला टेकून, शेजारी चतुराबाई. संपत बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकत होता. नजर गेल्यापासून अण्णासाहेबांना हा रस्ता हिसक्यांनी पाठ झाला होता. दवाखान्यात जाताना काही दिसत नसूनही ते मागून सांगत होते, ‘ओढ्यावरच्या पुलाची फरशी आली. आता चुनाभट्टी.’ आज मात्र ते गप्प होते. मैलामागून मैल गेले तरी तोंडातून शब्द नाही. चतुराबाईनं त्यांच्याकडं वाकून विचारलं,

“दुखून राह्यलं का?”

“न्हाई.”

पण कपाळावरची आठी काही जाईना.

दिवस मावळायला गाडी थांबली. संपतनं इंजिन बंद केलं. अण्णासाहेब सीटचा कठडा घट्ट धरून बसले होते.

“संपत,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “वाट चुकला तू. चुनाभट्टी न्हाई लागली, फरशी न्हाई लागली. कोणत्या मुलखात आणलं आमाला?”

चतुराबाईला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. हाताला धरून तिनं त्यांना हळूच खाली उतरवलं, चार पावलं चालवलं आणि त्यांचा हात दाराच्या कडीवर ठेवला.

अण्णासाहेबांनी कडी चाचपली. खालचा वाकलेला कोयंडा चाचपला. मग पुन्हा कडी.

“आपलीच हाय,” ते म्हणाले. पट्टी बांधलेलं तोंड त्यांनी रस्त्याकडं वळवलं. “मंग फरशी कुठं गेली?”