सासूबाईंचा ब्रेकपॉइंट

झटका येऊन गेल्यापासून सासूबाईंच्या मेंदूचा निम्मा कारभार सर्व्हरवर चालायचा, आणि त्यात कुठंतरी बिघाड झाला होता. आजही त्यांनी वारलेल्या नवऱ्याचं ताट मांडलं.

सून शर्वाणी तो बिघाड शोधायला लॅपटॉप उघडून बसली खरी, पण हात चालेना.

"आई, लॉग लावला तर तुम्ही चालत्याबोलत्या राहाल, पण मनात येईल ते सगळं मला इथं दिसेल. ब्रेकपॉइंट लावला तर बिघाडापाशी तुम्ही थांबाल. मी परत सुरू करेपर्यंत."

"थांबव मला," सासूबाई फटकन म्हणाल्या. "माझ्या मनात डोकवायचं नाही."

तिनं ब्रेकपॉइंट लावला. त्या ताटात भाजी वाढता वाढता सासूबाई थिजल्या. डाव हवेत, पापणीसुद्धा हलेना.

थांबल्या क्षणीचा एक विचार तरीही दिसतोच, हे सांगायचं शर्वाणी घाईत विसरली होती. स्क्रीनवर ओळ उमटली: ‘ही मला परत सुरू करेल ना?’

बिघाड राहिला तिथंच. तिनं लगेच त्यांना सुरू केलं.

"वाचलं नाहीस ना काही?"

"नाही," शर्वाणी म्हणाली, आणि उठून तिनं सासऱ्यांच्या ताटात आमटी वाढली.