पुढचा वारस

ज्ञानदा पीएचडीसाठी इंग्लंडमधल्या एका मध्ययुगीन सरदार घराण्याच्या जमिनींचा माग काढत होती. कोरोना झाल्यापासून सोलापुरातल्या घरी आतल्या खोलीत कागद घेऊन ती एकटीच होती. नवरा दवाखान्यात भरती होता आणि सासूबाई मंगळवारी त्याच आजारानं वारल्या होत्या. दाराबाहेर तिसरीतली ईश्वरी बसून होती.

"आई, तो सरदार मेल्यावर जमीन कुणाला मिळाली?"

"थोरल्या मुलाला. सन तेराशे एकोणपन्नास."

"मग?"

ज्ञानदानं पुढची नोंद वाचली. थोरला नऊ दिवसांत वारला होता. त्या साली तिकडं प्लेगची साथ होती.

"मग धाकट्याला," ती म्हणाली.

धाकटाही चार दिवसांत गेला होता. मागं एक बहीण तेवढी उरली होती, लहानशी. ज्ञानदाला पान उलटावंसं वाटेना, तरी तिनं उलटलं. ती बहीणही महिनाअखेरीस वारली. वारस कोणी नाही. जमीन राजाकडे जमा.

"सांग की गं! मग कुणाला?"

ज्ञानदानं पदर तोंडावर दाबून खोकला आवरला.

"त्यांच्या बहिणीला," ती म्हणाली. "लई म्हातारी होईपर्यंत जगली बघ ती."