डोंगराचा पाय

भेगेच्या दोन्ही काठांवर सरितानं लोखंडी खुंट्या ठोकून मध्ये दोरी ताणून बांधली होती. सकाळी ती तुटलेली दिसली. काल भेगेत जेमतेम बोटं जात होती. आज तिचा बूट घोट्यापर्यंत आत गेला.

पाय ओढून काढत तिनं खाली पाहिलं. ती ज्यावर उभी होती तो डोंगर माणसांनीच रचलेला होता. कोळशापर्यंत पोचताना निघालेली काळी माती, पिवळा मुरूम, सगळं वर्षानुवर्षं खाणीच्या काठाशी ओतलं गेलं आणि त्याचा डोंगर झाला. त्याच्या पायथ्याशी आत्ता चालक ताराचंदचं पोकलेन डम्परमध्ये कोळसा भरत होतं. पोकलेनच्या मागची जमीन फुगून वर आली होती. काल तिथं सपाट होतं.

सरिता या खाणीची भूवैज्ञानिक होती. दगड सुटताना तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. दगड आधी खडखडतात, माणसाला पळायला वेळ देतात. हे तसं नव्हतं. खुर्चीवर डुलक्या घेणारा माणूस जसा घसरतो, डोकं खाली आणि पाय पुढं, तसा अख्खा डोंगर एकदम जाणार होता. डोक्याशी भेग होतीच. आता पायही पुढं सरकू लागला होता.

तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "ताराचंदभाऊ, काम बंद करा. सगळ्यांना वर घ्या."

"मॅडम, मागच्या बारीलेही तुमी असंच म्हटलं," खालून आवाज आला. "अन् त्याच्या मागच्या बारीलेही. पडलं काय काही?"

काहीच पडलं नव्हतं. दोन्ही वेळा अख्खी पाळी वाया गेली. तेव्हापासून ती कँटीनमध्ये शिरली की कोणीतरी डोक्यावर हात धरून वाकायचं आणि टेबलभर हसू पसरायचं.

तिनं मॅनेजर आनंदरावांना फोन लावला.

"भर पावसात पडला नाही," ते म्हणाले. "आता चांगलं ऊन पडलं. आता काहून पडंल?"

"सर, पाऊस थांबला, पाणी नाही थांबलं. ते आता खालच्या चिकट मातीपर्यंत पोचून राहिलं." घाईत तिच्या तोंडी पारशिवनीची, घरची बोली आली.

"अन् याही बारीले नाही पडला तर?"

"सरितानं बंद केलं म्हणून सांगा वर."

"कर बंद," ते म्हणाले.

डम्पर एकामागून एक वळून चढणीला लागले. पोकलेनही हललं, पण ते साखळीवर रांगणारं यंत्र, आणि त्याची वाट पायथ्याला धरूनच जात होती.

"भाऊ, मशीन सोडा! पळत वर या!"

"असं कसं सोडू? माह्या भरवशावर देल्लं आहे ते मले. आणतो सोबत."

सरितानं जीप खाली घातली. पोकलेनच्या समोर आडवी उभी केली आणि उतरली. इथून डोंगर फार उंच दिसत होता. मुठीएवढी ढेकळं सुटून तिच्या बुटांपाशी येऊन थांबत होती.

ताराचंद केबिनमधून अर्धा बाहेर आला. "तुमी खाली काहून आल्या? हटा ना!"

"तुम्ही उतरल्याशिवाय नाही जात मी."

तिनं जीपचं बॉनेट घट्ट धरून ठेवलं होतं. ताराचंदनं डोंगराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मागच्या दोन्ही वेळा त्यानं तिचा नुसता आवाज ऐकला होता, चेहरा आज पाहत होता. त्यानं चावी फिरवली आणि खाली उडी टाकली.

वर सगळे डोंगरापासून लांब, समोरच्या कच्च्या रस्त्यावर जमले. डोंगर हलला नाही. चहा आला, संपला. ऊन डोक्यावर चढलं. "आजही सुट्टीच पडली," कोणीतरी म्हणालं. आनंदराव आले आणि हात मागं बांधून उभे राहिले. खाली पिवळं पोकलेन जसंच्या तसं उभं होतं.

पड, तिच्या मनात आलं. पड ना एकदाचा. आणि आपण काय मागतोय हे कळून तिच्या अंगावर काटा आला.

ताराचंद उठला. पँट झटकत म्हणाला, "जातो मी. मशीन घेऊन येतो." आणखी दोघं त्याच्यासोबत उठले.

आनंदरावांनी त्यांना अडवलं नाही.

सरितानं ताराचंदची बाही धरली. "भाऊ, नका जाऊ."

"मॅडम, झालं आता," तो समजुतीनं म्हणाला आणि तिची बोटं हळूच सोडवू लागला.

तेवढ्यात डोंगरमाथ्यावरची बाभूळ उभीच्या उभी खाली गेली, विहिरीत सोडल्यासारखी. आवाज नंतर आला. पायांखालचा रस्ता थरथरला, खालचा फुगवटा फुटला आणि पोकलेन खेळण्यासारखं कलंडून मातीत दिसेनासं झालं. वरच्या वाळल्या मातीचा लोट उठला आणि कोणाला कोणी दिसेना.

त्या धुरळ्यात ताराचंदचा आवाज आला. तो नावं घेत होता.

"मोहित?"

"हाव."

"धम्मदीप?"

"हाव, आहो."

"ऋषिकेश?" उत्तर आलं नाही. "ऋषिकेश, आहेस काय गा?"

कोणीतरी खूप खोकलं. "हाव भाऊ."

मग ताराचंद खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम?"

सरितानं अजून मुठीत असलेली त्याची बाही ओढली.

"हाव," ताराचंदनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मॅडम आहेत."