राखाडी टोपीवाला

"आला बघ," कॉफीच्या टपरीत पाव मांडत सातू, संघातल्या दुसऱ्या एका मुलाची आई, पुटपुटली.

हेन्नाने किटली खाली ठेवली. राखाडी टोपीवाला फाटकातून आत येत होता.

फिनलंडमधल्या कुओपिओच्या मैदानावर राष्ट्रीय युवा फुटबॉल लीगचा सामना असला, की कॉफीची टपरी खेळाडूंचे आईबापच चालवायचे. हेन्ना तर जवळपास प्रत्येक सामन्याला हजर. पण ह्या माणसाचं मूल संघात नव्हतं. मग हा येतो कशाला? कुणी विचारलं नव्हतं. अनोळखी माणसाला विचारणार कोण? तेवढा आगाऊपणा इथे कुणाच्या अंगात नाही.

हेन्नाची मात्र खात्री होती. हा हेलसिंकीच्या कुठल्यातरी बड्या क्लबचा माणूस, आणि त्याचा डोळा तिच्या वेइक्कोवर, संघाच्या गोलकीपरवर. थोरल्याला असंच कुणीतरी सोळाव्या वर्षी उचलून नेलं; आता त्याचा आवाज नाताळलाच ऐकू यायचा. नवरा तर केव्हाच वेगळा झालेला. वेइक्कोही गेला तर घर खायला उठेल, ह्या धास्तीने तिची झोप उडाली होती.

"एक कॉफी," तो म्हणाला. नेहमीसारखं एवढंच.

कप घेऊन तो टपरीशेजारीच उभा राहिला. थोड्या वेळाने तिने चोरून पाहिलं, तर मेला कॉफी झुडपात ओतत होता! फिनलंडचा माणूस आणि कॉफी पीत नाही? नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं.

"मागच्या खेपेला तू तापाने घरी होतीस ना," सातू म्हणाली, "तेव्हा सामना सुरू व्हायच्या आतच हा निघून गेला."

"म्हणजे वेइक्कोला त्याने आधीच पारखलंय. आज बोलणी करायला आलाय बघ!"

तेवढ्यात वेइक्कोने पेनल्टी अडवली. मैदान दणाणलं. टोपीवाल्याची पापणीही हलली नाही. काय पक्का गडी!

मग तो पुन्हा टपरीपाशी आला. "एक कॉफी."

आता मात्र हेन्नाचा तोल सुटला. "खड्ड्यात गेली कॉफी! माझ्या मुलाला मी कुठ्ठे पाठवणार नाही. सांगा जाऊन तुमच्या साहेबांना!"

सातूने हातातला पाव तसाच धरून ठेवला.

तो कानापर्यंत लाल झाला. टोपी काढून त्याने हातात चुरगाळली. मग वळून मैदानाकडे पाहिलं आणि गोंधळून विचारलं,

"तुमचा मुलगाही खेळतो का इथे?"