जिंकणारे मोजे

धप्पकन बॅग स्वयंपाकघरात आपटली आणि नुकतंच निजलेलं बाळ चाळवलं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच वेंडेल या मोसमातला पहिला पराभव घेऊन घरी आला होता, तोही एका टचडाउनच्या, म्हणजे जेमतेम सहा गुणांच्या फरकाने.

बूट काढता काढता त्याने बायकोकडे संशयाने पाहिलं. "कोरिन, खरं सांग. मोजे धुतलेस ना?"

संघ जिंकतोय तोवर सामन्याचे मोजे धुवायचे नाहीत, हा त्याचा नेम होता.

"मी कशाला हात लावतेय त्यांना? पोराच्या तापात मला आठवडाभर स्वतःचे केस धुवायला फुरसत नाही."

वेंडेलने मोजा नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि आंघोळीला गेला. वासात काही खोट नव्हती.

तशी छोटी टेस आईला येऊन बिलगली. एरवी तो सरावाला गेला की कोरिन ते मोजे गुपचूप धुवायची आणि त्यांना परसातली माती न् शिळं चीज चोळायचं काम टेसकडे असायचं.

"मम्मा," ती कुजबुजली, "या वेळी आपण खरंच नाही धुतले. म्हणून हरले का गं?"