अर्धा माळ

लोधीखेड्यामागच्या माळावर प्रतिभाने स्कूटी लावली, दुर्बीण गळ्यात अडकवली, आणि तेवढ्यात मागून सुरेशची मोटारसायकल येऊन थांबली. नवरा इथे येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. दिवाळीपासून दोघांत बोलणं नव्हतं. चहा, डबा, घराची किल्ली, सगळं मुकाट्याने एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं.

"मीनाबाईचा फोन आला होता," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "ताप आहे त्यायले. मोजाले दोघं लागतात म्हणे."

मीना तिच्याच शाळेतली बाई. थंडीच्या तोंडाशी पार उत्तरेकडून येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी दोघी दर वर्षी मोजत. घारीहून सडपातळ असा हा पक्षी दिवसभर कपाशीच्या रानांवर उंदीर-टोळ धरतो आणि दिवस बुडताना झोपायला याच गवतात उतरतो. माळ एवढा लांबरुंद, की एका माणसाच्या डोळ्यांत मावत नाही.

'परत जा' हे प्रतिभाच्या ओठांवर आलं होतं. पण सूर्य टेकत आला होता.

"मावळतीकडचा अर्धा तुम्ही पाहा," ती म्हणाली. "गवतात बसला का धरायचा. उडताना धरला, तर एकच दोनदा मोजला जाते. मीनाची दुर्बीण डिक्कीत आहे."

दोघं पाठीला पाठ करून उभे राहिले.

मुख्याध्यापिका म्हणून तिची छिंदवाड्याला बढती निघाली होती. चौकशीला आलेल्या साहेबांना सुरेशने आपल्या दुकानात बसल्या बसल्या सांगून टाकलं, "नाही जमणार तिले." प्रतिभाला ते शाळेत, चारचौघींसमोर कळलं. तिचं स्वतःचं उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

पहिला पक्षी तिच्या बाजूने आला, गवताला पोट घासतोय की काय इतक्या खालून. मग दोन, मग तीन. मागून सुरेशचा आवाज आला, "एक." थोड्या वेळाने, "दोन. नाही, उडाला थो. एकच." प्रतिभाला हसू आलं. ते तिने गिळलं.

त्याच्या खिशातला फोन वाजला. दुकानातून असणार, या वेळी गिऱ्हाइकांची गर्दी. पुन्हा वाजला. सुरेशने डोळ्यांवरची दुर्बीण न काढता दुसऱ्या हाताने चाचपून तो बंद केला.

आकाश तांबूस झालं आणि पक्षी चहूकडून येऊ लागले. तो हलक्या आवाजात मोजत होता, ओळीने, न चुकता. आणि एकदम त्याच्या बाजूच्या गवतातून कोल्हं पळालं. तिथे बसलेले सगळे पक्षी भर्रकन वर उठले.

"अवं, गेले ना सगळे!" सुरेश ओरडला. "एवढे मोजले होते मी. आता काय करू?"

"थांबा. बसतीन परत."

"पण मोजलेल्याचं काय?"

"सोडून द्या. चुकलं का पहिल्यापासूनच मोजा लागते."

ती हे पक्ष्यांबद्दलच बोलली होती. बऱ्याच वेळाने पाठीमागून पुन्हा ऐकू आलं, "एक."

अंधारून आल्यावर त्यांनी दुर्बिणी खाली केल्या. तिचे बेचाळीस झाले होते, त्याचे एकोणतीस.

"अजून एक होता," तो म्हणाला. "पण बसला का पुढं गेला, मले नाही समजलं."

"मंग नका धरू."

"नाहीच धरला." त्याने दुर्बिणीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "प्रतिभा, सोमवारी मी येऊन साहेबायले सांगतो. मीच बोललो होतो ना."

"नाही. माह्यं मी सांगीन." आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. मग हळूच म्हणाली, "संगं या पाहिजे तर."

"काय सांगशीन?"

"मी जाऊन राहिली म्हणून."

सुरेशने अर्धवट मान डोलावली. अठरा वर्षांत दोघं वेगळ्या गावी कधी राहिले नव्हते. दुर्बीण डिक्कीत ठेवून तो मोटारसायकलपाशी गेला, किल्ली लावली आणि तसाच उभा राहिला.

"छिंदवाड्याकडं उतरतात का हे?"

"उतरत असतीन," प्रतिभा म्हणाली. "तिकडं कोणी मोजाले गेलंच नाही अजून."