निघताना म्हटलेलं ‘येते’

“सिस्टर, स्वभावाच्या सहापैकी पाच पैलूंत तुम्ही उत्तम आहात. प्रामाणिकपणात मात्र शंभरात एकतीस,” मूल्यमापन अधिकारी टिळेकर म्हणाले.

शालन भोइटेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं त्यांनी रुग्णांची सेवा केली होती. आता त्यांनी वॉर्डात पाऊल ठेवायचं की नाही, हे कानामागचं टिकलीएवढं यंत्र ठरवणार होतं. हल्ली सगळ्यांच्याच कानामागे ते असायचं आणि माणसाचं बोलणं त्याच्या वागण्याशी ताडून पाहायचं.

“मी खोटं कधी बोलले? दाखवा!”

टिळेकरांनी पडदा वळवला. वर्षभरात एकच नोंद, दोन हजार एकशे चार वेळा: ‘येते’ म्हणाल्या आणि निघून गेल्या.

“अहो, निघताना आपण येतेच म्हणतो ना! आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आलेच की मी, प्रत्येक वेळी!”

“यंत्र पुढची पाचच मिनिटं मोजतं. माझा नाइलाज आहे. वॉर्डात तुम्हाला ठेवता येणार नाही.”

शालनताईंनी कानामागचं यंत्र उपटून टेबलावर आपटलं आणि पर्स उचलली.

“मग आता खरं तेच बोलते. जाते मी!”

“अहो, असं अभद्र बोलू नये, सिस्टर,” टिळेकर न राहवून म्हणाले. “येते म्हणा!”

लगेच त्यांच्याच कानामागे टिंग वाजलं. दुसऱ्याला खोटं बोलायला लावल्याबद्दल त्यांचा एक गुण कापला गेला होता.